वीरस्मृतीच्या संग्रहालयास शालेय भेट

(लेण्याद्री परिसरातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनासाठी तयार केलेले भाषण)



शालेय सहल ही प्राथमिक शाळेच्या वर्षातील मोठ्या आनंदाची घटना होय. सहलीचा दिवस ठरला की आठ दिवस आधीपासून मुलांच्या तोंडी दुसरा विषय नसतो, आणि परत आल्यावरही पुढे कितीतरी दिवस तिच्याच गोष्टी वर्गात चालतात. परंतु या आनंदातून मुलाच्या पदरी ज्ञानाचा कोणता भाग पडला, याचा हिशेब फारसा होत नाही. एखादे युद्धविषयक संग्रहालय पाहून आलेल्या मुलास विचारावे, "काय पाहिलेस?" तो उत्साहाने सांगतो, "मोठी तोफ पाहिली, रणगाडा पाहिला." यापुढे विचारावे, "त्या रणगाड्यात कोण बसत असे?" या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. दोष मुलाचा नाही. त्याला तो प्रश्न शाळेतून निघताना कोणी दिलेलाच नसतो.

सैनिकांच्या स्मृतीसाठी उभारलेल्या संग्रहालयास भेट देताना "हे कोणाचे?" हा एक प्रश्न मुलांच्या मनात कसा जागवावा, आणि भेटीनंतर त्याच प्रश्नाचे बोट धरून मुलांना आपल्या गावात परत कसे आणावे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या कामाचा प्रारंभ दूर जाऊन करावयास नको. लेण्याद्रीच्या डोंगराकडे या परिसरातील मुले जन्मापासून पाहत असतात. सुमारे ३०० पायऱ्या चढून ती गिरिजात्मजाच्या दर्शनास जातात. ज्या लेण्यात गणपतीचे स्थान आहे, त्याच्या शेजारीच बौद्ध चैत्यगृह आहे. त्या चैत्यगृहावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख कोरलेला आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिले, असा त्याचा आशय आहे. हा सुलसदत राजा नव्हता. त्याने कोणती लढाई जिंकल्याचेही लेख सांगत नाही. तरीही सुमारे दोन हजार वर्षांनंतर त्याचे नाव, गावासह, ठाऊक आहे. याचे कारण इतकेच की, त्या वेळी कोणीतरी ते नोंदवून ठेवले.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटात याहून बोलके उदाहरण आहे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा भिंतीत कोरलेल्या होत्या, आणि प्रत्येक प्रतिमेच्या वर तिचे नाव लिहिलेले होते. सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन अशी ती नावे होत. प्रतिमा काळाच्या ओघात नष्ट झाल्या आणि काही पावलांच्या खुणांपलीकडे तेथे विशेष काही उरले नाही. नावे मात्र वाचता येतात. पुतळा गेला तरी नावाच्या आधाराने इतिहास उभा राहू शकतो, हे मुलांना समजावून देण्यास यापेक्षा चांगले स्थळ शोधूनही मिळणार नाही. एका अर्थी नाणेघाटचे हे लेणे आपल्या भागातील सर्वांत जुने स्मृतिदालन आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत आढळते. १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी लहान संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असे. त्यांत आकडा आहे, पण नाव नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. त्या गावाने सैनिकी परंपरा जिवंत ठेवली आणि आज ते 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाते. पण सर्वच गावांचे भाग्य असे नाही. कित्येक ठिकाणी चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीतील त्या पाटीवर चुन्याचे थर चढले आहेत. ती साफ करून वाचली, तरी पाचजण मेले एवढेच कळते. ते पाचजण कोणाचे कोण होते, हे विचारावे तर सांगणारे कोणी उरलेले नाही. सुलसदताचे नाव दोन हजार वर्षे टिकले, आणि फ्रान्सच्या वा मेसोपोटेमियाच्या भूमीवर पडलेल्या खेडुताचे नाव त्याच्याच गावात शंभर वर्षांत पुसले गेले! शिक्षकाने या दोन गोष्टी मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवाव्या. संग्रहालय कशासाठी असते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. लेण्याद्रीच्या परिसरातील शाळांना एका दिवसात जाऊन येण्याजोगी अशी दोन स्थळे आहेत. एक अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर येथील रणगाडा संग्रहालय. सैन्याच्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने ते १९९४ च्या फेब्रुवारीत स्थापन केले. निरनिराळ्या देशांचे आणि निरनिराळ्या काळांतील सुमारे पन्नास रणगाडे व चिलखती गाड्या तेथे आहेत. दुसरे स्थळ पुण्याच्या लष्कर भागातील राष्ट्रीय युद्ध स्मारक. जुन्नरच्या पूर्वेकडील शाळांना पहिले सोयीचे, तर मंचर-राजगुरुनगर मार्गाने जाणाऱ्या आंबेगाव तालुक्यातील शाळांना दुसरे. भेटीपूर्वी संबंधित कार्यालयाकडे पत्र पाठवून दिवस व वेळ निश्चित करून घ्यावी, पालकांची लेखी संमती घ्यावी, ही सर्वपरिचित पथ्ये होत. त्यांचा विस्तार येथे नको.

समजा, लेण्याद्रीच्या पायथ्याजवळील एखाद्या शाळेचा चौथीचा वर्ग अहिल्यानगरला जावयाचा आहे. चौथीचे विद्यार्थी शिवछत्रपतींचे चरित्र अभ्यासतात. समोर शिवनेरी उभा असतो. तेव्हा शौर्य म्हणजे काय, याची काही कल्पना त्यांच्या मनात आधीच असते. परंतु ढाल-तलवारीच्या युद्धाकडून यंत्राच्या युद्धाकडे जाताना मुलाची समजूत मध्येच अडखळते. ती वाट शाळेच्या अंगणातच तयार करावी.

सहलीच्या आदल्या आठवड्यात अंगणात चुन्याने एक मोठा आयत आखावा. त्याची लांबी साडेसात मीटर व रुंदी साडेतीन मीटर ठेवावी. भारतीय सैन्याने १९६५ च्या युद्धात वापरलेल्या सेंचुरियन रणगाड्याच्या मुख्य सांगाड्याचा आकार साधारण एवढा असतो. मोजमाप मुलांनीच करावे. म्हणजे क्षेत्रफळाचा पाठही होतो. मग सांगावे की, या रणगाड्याचे वजन सुमारे ५० टन असते. 'टन' हा शब्द मुलांना नुसता ऐकून समजत नाही. पण पन्नास किलोची कांद्याची गोणी या तालुक्यातील कोणत्या मुलाने पाहिली नाही? ५० टन म्हणजे अशा एक हजार गोण्या. हे गणित मुलांनी स्वतः सोडविले की आकडा त्यांच्या कायमचा लक्षात राहतो.

पुढचा प्रश्न असा की, एवढे ओझे मातीत रुतत कसे नाही? आदिवासी पट्ट्यातील मुलांना भाताच्या खाचरात चिखलणीच्या वेळी गाडीचे चाक कसे फसते, हे ठाऊक असते. तेच ओझे रुंद फळीवर ठेवले तर ते कमी रुतते. रणगाड्याच्या चाकांभोवती फिरणारे लोखंडी पट्टे म्हणजे अशी चालती फळीच होय. मात्र या युक्तीलाही मर्यादा आहे. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबातील खेमकरण भागात असल उत्तर येथे मोठे रणगाडायुद्ध झाले. तेव्हा भारतीय सैन्याने कालव्याचे पाणी उसाच्या शेतांत सोडले, आणि शत्रूचे बलाढ्य पॅटन रणगाडे त्या चिखलात अडकून पडले. ज्या मुलांच्या घरी ऊस आहे, त्यांना त्या रणभूमीचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास मुळीच कष्ट पडणार नाहीत.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट करावी. त्या आयताच्या मध्यभागी चार मुलांना दाटीने बसवावे. एकजण पाहणारा व आज्ञा देणारा कमांडर, दुसरा तोफ डागणारा, तिसरा तोफेत गोळा भरणारा आणि चौथा चालक. सेंचुरियनमध्ये असे चौघेच असत. वरून ऊन, आत यंत्राची धग, कानठळ्या बसविणारा आवाज आणि बाहेरचे जग दिसण्यास एक अरुंद फट, अशा स्थितीत ते तासन् तास बसत. चौघांपैकी एकाने कामात कसूर केली, तर चौघेही संकटात येत. पाच मिनिटे तसे बसून उठलेले मूल संग्रहालयात शिरताना रणगाड्याकडे निराळ्या दृष्टीने पाहील. लोखंडाच्या आत माणसे होती, ही गोष्ट त्याच्या अंगाला कळलेली असेल.

सहलीच्या मार्गाचाही उपयोग करून घ्यावा. आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता कल्याण-अहिल्यानगर रस्त्याला छेदतो. उत्तरेकडचा फाटा संगमनेरकडे जातो. संगमनेर तालुका आपल्या जुन्नरला लागूनच आहे. तेथील निमज या गावचे नामदेव जाधव दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत शिपाई होते. त्यांचे काम कंपनीच्या निरोप्याचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदी ओलांडताना त्यांच्या छोट्या तुकडीवर शत्रूच्या मशीनगनचा मारा झाला आणि जवळजवळ सारे साथीदार घायाळ झाले किंवा पडले. जाधवांनी प्रथम दोन जखमी सोबत्यांना, एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप पोहोचविले. नंतर ते एकटेच परत फिरले. हाताला जखम झाल्यामुळे बंदूक चालविता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगनची ठाणी निकामी केली. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते युद्धातून परतले आणि पुढे १९८४ पर्यंत जगले.

ही कथा सांगताना शिक्षकाने दोन गोष्टींकडे लक्ष वेधावे. पहिली अशी की, जाधवांनी शत्रूवर चाल करण्यापूर्वी जखमी सोबत्यांना वाचविले. दुसरी अशी की, ते जिवंत परतले. वीर म्हणजे केवळ मरण पावलेला मनुष्य, अशी मुलांची समजूत होता कामा नये. तशी समजूत झाली, तर गावात काठी टेकीत चालणारा निवृत्त जवान त्यांना वीर वाटणारच नाही.

संग्रहालयात प्रवेश केल्यावर मुलांची फौज एका रांगेत सर्व वस्तूंपुढून झरझर नेण्याची पद्धत सोडून द्यावी. एका तासात पन्नास रणगाडे पाहणाऱ्या मुलास एकही रणगाडा आठवत नाही. पाच-पाच मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला एक वस्तू नेमून द्यावी. एका गटाने रोल्स रॉइस कंपनीची जुनी चिलखती मोटार पाहावी. साध्या मोटारीवर पोलादी पत्रा चढवून युद्धयंत्र कसे बनले, हे तिच्यावरून कळते. दुसऱ्या गटाने पॅटन, तिसऱ्याने सेंचुरियन आणि चौथ्याने आपल्या देशात तयार झालेला विजयंता पाहावा. प्रत्येक गटाने वहीत चारच गोष्टी लिहाव्यात : ही वस्तू कोठे बनली, कोणत्या युद्धात वापरली गेली, तिच्यात किती माणसे बसत, आणि त्यांच्यापैकी कोणाचे नाव येथे वाचावयास मिळते? चौथा रकाना काही वेळा रिकामा राहील. तो रिकामाच ठेवावा. पुष्कळांची नावे कोठेच लिहिलेली नसतात, हा त्या दिवसाचा एक धडाच आहे.

सेंचुरियनपुढे उभे राहून शिक्षकाने लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांची हकिकत सांगावी. त्यांचा जन्म १९२३ साली मुंबईत झाला आणि शालेय शिक्षण पुण्यात झाले. ते ज्या पूना हॉर्स पलटणीचे अधिपती होते, तिची उभारणी १८१७ साली पुण्यात झाली, म्हणून तिला पुण्याचे नाव मिळाले. ११ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर फिलोरा येथे ते जखमी झाले. मागे जाण्याची सूचना त्यांनी मानली नाही. पुढे पाच दिवस ते आपल्या पलटणीच्या अग्रभागी राहिले, आणि १६ सप्टेंबर रोजी बुटुर-डोग्रांदीच्या लढाईत त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. याच पलटणीतील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्यातला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडण्यास त्यांनी नकार दिला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तारापोर पारशी होते, खेत्रपाल पंजाबी कुटुंबातले होते, आणि असल उत्तरच्या युद्धात जीपवरील तोफेने पॅटन रणगाडे उद्ध्वस्त करून १० सप्टेंबर १९६५ रोजी धारातीर्थी पडलेले परमवीर अब्दुल हमीद हे उत्तर प्रदेशातील एका खेड्यातले मुसलमान होते. ही माहिती उपदेश न करता द्यावी. तिचा अर्थ मुले आपला आपण काढतील.

येथे एका नाजूक बाबीचा विचार केला पाहिजे. पॅटन रणगाड्यापुढे एखादे चौकस मूल विचारील, "यात बसलेल्या शत्रूच्या माणसांचे काय झाले?" या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये आणि विजयोन्मादाचेही देऊ नये. त्यांपैकी कित्येक मेले, काही पकडले गेले, आणि त्यांच्याही घरी आईवडील वाट पाहत होते, हे सत्य साध्या शब्दांत सांगावे. देशरक्षणासाठी लढणाऱ्या जवानाबद्दलचा आदर त्यामुळे तिळमात्र कमी होत नाही. उलट, त्याने केलेले काम किती कठीण व किती दुःखाचे होते, याची जाणीव मुलास होते. जो शिक्षक युद्धाला खेळासारखे रंगवितो, तो सैनिकाचा गौरव करीत नाही. तो सैनिकाचे ओझे हलके करून दाखवितो, एवढेच.

दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. वर्गात एखादे मूल असे असू शकते की, ज्याचे वडील या घटकेला सीमेवर आहेत, किंवा ज्याच्या घरातील कोणी परत आलेले नाही. त्या मुलाला सर्वांपुढे उभे करून टाळ्या वाजविण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. त्याच्या आईशी सहलीपूर्वी बोलावे. मूल स्वतः होऊन काही सांगू लागले, तर शांतपणे ऐकून घ्यावे, आणि ते गप्प राहू इच्छीत असेल, तर त्याच्या गप्प राहण्याचा मान ठेवावा. त्या मुलाच्या देखत मृत्यूचे रसभरित वर्णन करणे हा शिक्षकाच्या हातून घडणारा मोठा अपराध ठरेल.

आंबेगावच्या ज्या शाळा पुण्यास जातील, त्यांनी राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे एक वैशिष्ट्य मुलांना अवश्य सांगावे. हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. स्वातंत्र्योत्तर काळातील युद्धांत कामी आलेल्या जवानांची स्मृती तेथे जतन केली आहे. मिग जातीचे लढाऊ विमान आणि 'त्रिशूल' या युद्धनौकेची प्रतिकृती ही तेथील आकर्षणे मुलांना ओढून घेतील. घेऊ द्यावीत. पण परत निघण्यापूर्वी मुलांना नावांपुढे थोडा वेळ शांत उभे करावे आणि प्रत्येकाने एक नाव निवडून, मोठ्याने वाचून, वहीत शुद्ध लिहावे.

कोरलेले नाव वाचल्याने काय घडू शकते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. भीमा नदीकाठी कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांत महार शिपायांची नावे पुष्कळ आहेत. एका बाजूला समाज ज्यांची सावली टाळीत होता, त्यांची नावे दुसऱ्या बाजूला दगडावर सन्मानाने उभी होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभाला भेट देण्यास गेले. पुढे १९४१ साली महार पलटण उभी राहिली, तेव्हा तिच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. नावांनी आपले काम शंभर वर्षांनंतरही केले.

सहल संपते, मुले घरी परततात, दुसऱ्या दिवशी निबंध लिहून घेतला जातो आणि बहुतेक ठिकाणी विषय तेथेच मिटतो. खरे काम यानंतर सुरू व्हावयास हवे. संग्रहालयाने दिलेला प्रश्न मुलांनी आता आपल्या गावाला विचारावा. शाळेत एक जाड वही करावी आणि तिला 'गावची सैनिक नोंदवही' म्हणावे. गावातील प्रत्येक माजी सैनिकासाठी तिच्यात एक पान असावे. त्यावर पूर्ण नाव, भरतीचे वर्ष, पलटण किंवा दल, कोठकोठे नोकरी झाली, निवृत्तीचे वर्ष, माहिती कोणी सांगितली आणि कोणत्या तारखेस सांगितली, एवढे लिहावे. शेवटचे दोन रकाने क्षुल्लक वाटतील, पण नोंदीची विश्वसनीयता त्यांवरच अवलंबून असते. ऐकीव गोष्ट असेल, तर ती ऐकीव आहे असेच लिहावे. न झालेला पराक्रम कोणाच्याही नावावर चढवू नये. वाढवून सांगितलेल्या एका गोष्टीमुळे खऱ्या दहा गोष्टींवरचा विश्वास उडतो.

माजी सैनिकांना शाळेत बोलावताना, किंवा मुलांनी त्यांच्या घरी जाताना, प्रश्न आधी ठरवून घ्यावेत. "तुम्ही किती शत्रू मारले?" हा प्रश्न कोणत्याही मुलाने विचारू नये, अशी स्पष्ट सूचना द्यावी. "आजोबा, तुम्ही भरती झालात तेव्हा तुमचे वय काय होते? घरून पत्र किती दिवसांनी येई? बर्फात पहारा करताना काय खात होता? सुट्टी वर्षातून किती दिवस मिळे? तुम्ही नसताना शेती कोण करी?" असे प्रश्न विचारावेत. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातील आजीबाईच देतील, आणि तेही लिहून घ्यावे. जवान सीमेवर असताना ज्या स्त्रीने खाचर लावले, सासूसासऱ्यांचे औषधपाणी पाहिले आणि मुलांना शाळेत धाडले, तिचेही पान या नोंदवहीत हवे. तसेच सैन्यात लढणारा तेवढाच सैनिक, असेही मानू नये. स्वयंपाकी, मोटारचालक, तारयंत्र चालविणारा, जखमींची शुश्रूषा करणारा, पूल बांधणारा, या सर्वांवाचून कोणतीही पलटण एक दिवस उभी राहू शकत नाही. "मी तर साधा ड्रायव्हर होतो" असे संकोचाने म्हणणाऱ्या आजोबांचे पान कोरे राहू नये, याची काळजी शिक्षकाने घ्यावी.

पदके, जुनी पत्रे, छायाचित्रे मागून आणून शाळेच्या कपाटात ठेवू नयेत. ती त्या कुटुंबाची ठेव आहे. मुलांनी तेथेच बसून चित्र काढावे, किंवा परवानगी घेऊन शिक्षकाने छायाचित्र घ्यावे. गावात जुनी संगमरवरी पाटी असल्यास ती ग्रामपंचायतीच्या अनुमतीने साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी आणि मजकूर उतरवून घ्यावा. लेण्यांतील प्राचीन लेखांना मात्र मुलांनी हातही लावू नये. ते संरक्षित आहेत. २०२३ साली अनेक ग्रामपंचायतींत देशासाठी त्याग करणाऱ्यांच्या स्मरणार्थ शिलाफलक बसविण्यात आले. आपल्या गावच्या फलकावर कोणाची नावे आहेत आणि कोणाचे राहून गेले, हे पाहण्याचे कामही मुले करू शकतील. शंका असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारणा करावी. नोंदवहीचे वाचन दरवर्षी ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वज दिनी, गावकऱ्यांसमक्ष मुलांनीच करावे.

या कामाला विलंब का चालणार नाही, याचा हिशेब सोपा आहे. १९६५ च्या युद्धात जो जवान विशीत होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे. १९७१ च्या युद्धातील जवानांनी पंच्याहत्तरीच्या आसपासचा टप्पा गाठला आहे. १९६२ चे साक्षीदार तर बोटांवर मोजण्याइतकेच उरले असतील. प्रत्येक पावसाळ्यागणिक त्यांतील काही कमी होतात. आज चौथीत असलेले मूल पदवीधर होईपर्यंत थांबले, तर विचारावयास कोणी राहणार नाही, आणि त्या संगमरवरी पाटीप्रमाणे पुन्हा एकदा नुसता आकडा हाती येईल. हे काम करण्यास मोठा निधी लागत नाही, नवा अभ्यासक्रम लागत नाही. एक वही, एक ठरलेली दुपार आणि गावातल्या प्रत्येक घराची ओळख असलेला प्राथमिक शिक्षक एवढे पुरेसे आहे. हे तिन्ही प्रत्येक शाळेपाशी आहे.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर सुलसदताचे नाव कोरणाऱ्या कारागिराचे स्वतःचे नाव कोणास ठाऊक नाही. शिक्षकाचे काम पुष्कळसे त्या कारागिरासारखेच आहे. नोंदवहीच्या पानावर त्याचे नाव नसले तरी चालेल. त्या पानावर गावच्या जवानाचे नाव शुद्ध व स्वच्छ अक्षरांत लिहिलेले असावे, आणि ते तेथे का आहे, हे गावच्या मुलाला सांगता यावे. संग्रहालयाच्या भेटीचे एवढे फळ पदरी पडले, तर सहलीचा खर्च आणि श्रम दोन्ही सार्थकी लागले, असे समजण्यास हरकत नाही.